तिघांपुरतं

त्या मालिकेचा पहिला भाग लागला त्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही चौघंही घरी होतो, हेच मुळात आमच्याकडे नवल होतं. माझे सासरे, म्हणजे बाबा, छत्तीस वर्षं लिफ्टदुरुस्ती करून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून परतीच्या गाडीची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखे घरात वावरत होते. माझा नवरा छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम बघतो. त्याची थोरली बहीण, आमची ताई, शाळेत चित्रकला शिकवते आणि ती हसली की खालच्या मजल्यावर कळतं. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. घरातल्या चारही नाकांवरचे चष्मे माझ्याच हातचे.

मालिकेची गोष्ट तशी साधीच होती. सहा माणसांचं यान एका ओसाड ग्रहावर कोसळतं, त्यांना एक जुना हवाबंद तळ सापडतो, पण त्यातली हवा पाचांनाच पुरणार असते. मग ती सहा जणं वाद घालतात, रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि बाहेर नेमकं कोण राहणार हे कळायच्या आत भाग संपतो. ताईने निम्मा वेळ पदर डोळ्यांना लावला होता. नवऱ्याला सगळ्यात खटकलं ते हे, की एवढ्या धुळीत त्या यानप्रमुख बाईचे केस नुकतेच धुतल्यासारखे कसे. बाबा मात्र गुडघ्यांवर कोपरं टेकून, बिघडलेल्या मोटरचा आवाज ऐकावा तसे शेवटपर्यंत पुढे झुकून बसले होते.

“उगाच बोलण्यात हवा घालवतायत,” भाग संपल्यावर ते म्हणाले. “लिफ्टमध्ये पाटी असते, इतकीच माणसं म्हणून. जास्त झाली की एक जण उतरतो. त्यात रडायचं काय?”

“पण कुणी उतरायचं हे ठरवणार कोण, बाबा?” ताईने विचारलं.

“ज्याला यंत्र कळतं तो,” बाबा म्हणाले, आणि ते इतक्या मायेने म्हणाले की आम्हाला हसूच आलं.

दुसऱ्या दिवशीपासून बाबा पालटले. सकाळी गुळगुळीत दाढी करून, शीळ घालत, ते टेप घेऊन स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या कोठीत शिरले आणि लांबी, रुंदी, उंची मोजून बाहेर आले. मग दाराच्या चौकटीला रबराची पट्टी लागली, भिंतीला फळ्या आल्या, फळ्यांवर पाण्याचे कॅन, मेणबत्त्या, औषधं आणि सुकं खाणं आलं. जेवायला बसले की ते आपणहून आणखी वाढून घेत. आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरांनी रक्तदाबाची अर्धी गोळी कमी केली तेव्हा नवरा म्हणाला, “ती मालिका आधीच का नाही काढली कुणी!” आम्ही त्यांना कशालाच अडवलं नाही. रिकाम्या माणसाला एक उद्योग मिळाला होता, आणि घर कसं हलकं झालं होतं.

तीनचा आकडा पहिल्यांदा नवऱ्याच्या लक्षात आला. टॉर्च तीन. शिट्ट्या तीन. घोंगड्या तीन, नीट घड्या घातलेल्या.

“बाबांनी स्वतःला धरलेलंच नाही,” तो भांडी पुसता पुसता मला म्हणाला. ताईला हे कळल्यावर ती तशीच बाहेर गेली आणि बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, “तुम्हाला बाहेर ठेवून आम्ही आत जाऊ होय? असं वाटलंच कसं तुम्हाला!”

“बघू, बघू,” म्हणत बाबा कितीतरी वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

त्यानंतर दोन दिवसांनी, गुरुवारी दुपारी, मी साबण शोधायला कोठीत गेले होते. सगळ्यात वरच्या फळीवर पत्र्याचा एक चपटा डबा होता. तो उघडला तर आत मऊ कापडात गुंडाळलेले जुने चष्मे होते, तीन.

चष्मा कुणाचा हे ओळखायला मला तो डोळ्यांना लावावा लागत नाही. पहिला बाबांचा होता, स्क्रू ड्रायव्हर निसटून भिंगावर पडलेला ओरखडा अंगठ्याखाली लागला. म्हणजे बाबा आत होते. दुसरा नवऱ्याचा. तिसऱ्या कापडाला हात लावायच्या आधी मला स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं, आणि कोठीत ते आजवर कधी ऐकू आलं नव्हतं.

तिसरा माझा होता. दोन वर्षांपूर्वीची तपकिरी चौकट, उजव्या काडीला मी घाईत लावलेला वेगळ्या रंगाचा स्क्रू.

माझा जीव भांड्यात पडला. घरात सगळ्यात मोठा नंबर ताईचा, चष्मा काढला तर तिला स्वतःची बोटं मोजता येत नाहीत, हे मला त्यानंतर आठवलं, निदान आता तरी मी असंच म्हणते. कापडं होती तशी गुंडाळताना मी पाहिलं की त्यांच्या घड्या नखाने दाबून धारदार केलेल्या होत्या. छापखान्यात कागद मोडायची ती पद्धत, आमच्या घरात तशी घडी एकच माणूस घालतो. डबा मी जागेवर ठेवला. साबण घेऊन बाहेर आले आणि थोड्या वेळाने लक्षात आलं, मी गुणगुणत होते.

नवऱ्याला मी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ताई शाळेतून आली तेव्हा तिची जड पिशवी घ्यायला तो जिना उतरून गेला. बाबांनी तिच्या रंगीत पेन्सिलींना एकेक करून टोक काढून दिलं. मी सायीचा चहा तिला दिला आणि रात्री तिच्या साड्यांना इस्त्रीसुद्धा केली.

“काय गं,” ताई हसून म्हणाली, “सगळे एवढे गोड का वागताय माझ्याशी? कुणाचं काही काम अडलंय का?”

“तुमचं आपलं काहीतरीच, ताई,” मी म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तिला इतका जीव मी आजवर कधीच लावला नव्हता.

शनिवारी सातच्या ठोक्याला दुसरा भाग लागला. सोफ्याच्या एका टोकाला बाबा, मग नवरा, मग मी. ताई चहाचा ट्रे घेऊन आली, तिघांच्या हातात कप दिले आणि रिकामा ट्रे धरून क्षणभर आमच्यासमोर उभी राहिली.

“तुम्ही बघा रे निवांत, मी इथेच बरी,” ती म्हणाली, आणि घडीची खुर्ची उघडून दाराशी, उंबऱ्याला लागून बसली.

माझ्या शेजारी आणखी एका माणसाची जागा होती. तिथे मी उशी ठेवलेली होती. ती कधी ठेवली, ते मला आठवत नाही.