आंब्याखालचे घायपात

मी एक जुने घायपात आहे, मित्रांनो. माझ्या पानांच्या टोकाच्या काट्याला भिऊ नका. आत पांढरा, चिवट वाख आहे. त्याचेच दोर होतात. इंग्रजांच्या अमलात धनज गावच्या जानराव पाटलांनी आम्हांला आपल्या आमराईत, आंब्यांच्या सावलीत लावले.

आमची पाने कापायची, वाख काढायचा आणि दोर वळायचा, हे काम चतुराबाईचे. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाटलांच्या मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, ती देई. उरलेला वाख तिचा. त्यावरच ती एकटी बाई घर चालवी.

पण आम्ही उपाशी होतो. आंब्याची मुळे जमिनीतला सारा कस ओढून घेत. माझी पाने अरुंद, पिवळी. एके दिवशी भरलेली मोट वर येताना नाडा तटकन तुटला. बैल तोंडावर आपटले. एकाचा गुडघा फुटला.

पाटील संतापले. "चतुरे, हे घायपात काई कामाचं नाई. उपटून फेकतो आता!"

"आंब्याले दरसाल खत घालता, पाटील. याले कवा घातलं?" ती म्हणाली. "उपाशीपोटी कामाले जुंपून राह्यले तुमी. दोन पावसाळे द्या मले."

"अन् नाई सुधरलं त?"

"त माह्या हातानं उपटीन."

जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर सेवादास नावाचा म्हातारा शेळ्या पाळी. शेळ्या बांधायला दोर देऊन चतुराबाईने त्याच्याकडून लेंडीखत आणले. त्यात चुलीतली राख मिसळली. पण खत एकाच ओळीला पुरले, आणि मी दुसऱ्या ओळीत होते. शेजाऱ्यांच्या मुळांशी टोपली रिकामी होताना मी नुसते पाहत राहिले.

"तुले बी देईन, बाबा," ती मला म्हणाली.

दुसरा पावसाळा सरला. खताच्या ओळीतली पाने पंज्याएवढी रुंद झाली होती. पाटील आले, तेव्हा चतुराबाईने दोन्ही ओळींच्या वाखाचे दोर पुढे केले.

"ओढून पाहा."

माझा दोर त्यांच्या हातातच तुटला. मित्रांनो, मला फार लाज वाटली! खताच्या ओळीच्या दोराला दोन गडी लोंबकळले, तरी तो तुटेना. पाटलांनी तो स्वतः मोटेला बांधला. मोट काठोकाठ भरून वर आली.

पाटील बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "चतुराबाई, उद्यापासून माह्या गोठ्यातलं खत ने. या उपाशी ओळीले पयलं घाल."

त्या वर्षी मी प्रथमच पोटभर जेवले.

आता माझ्या मधोमध उंच दांडा आला आहे. आम्ही एकदाच फुलतो आणि वाळून जातो. पण दांड्यावर शेकडो इवली रोपे लगडली आहेत. ती न्या, लावा. सावलीत मुकाट उभे असलेले झाड तक्रार करत नाही. म्हणून त्याला भूक नसते, असे समजू नका. आमची पाने नेताना मुळाशी एक टोपले खत ठेवा. तुमचे ओझे आम्ही आनंदाने ओढू.