पाहुणीला विचारायचं नाही

साहेब, गावाला मुकं तुम्ही केलंत. परदेशी बाई दाभोळला येणार म्हणून जिल्ह्याच्या कचेरीतून आलात, माणसं गोळा केलीत आणि दम भरलात, "ती विचारेल त्याची उत्तरं द्यायची. उलट प्रश्न कुणी करायचा नाही. जिल्ह्याची अब्रू जाते."

खारवीवाड्यातली येसूबाई तेव्हा मागे उभी होती. तिचा सदू बोटीवर होता, नॉर्वेच्या बंदरांत जायचा. सुट्टीवर येताना साबण आणायचा, रेडिओ आणायचा, पण तिथली माणसं कशी, विचारलं की म्हणायचा, "थंडी आसते, आये." एवढंच! आता त्याच मुलखातली बाई तिच्या ओटीवर येणार, आणि तिने तोंड शिवून बसायचं?

बाई आली. इंग्रिड नाव. मराठी पुण्यात शिकलेली. मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन विचारायची, मासळी कशी सुकवता, लग्नात काय गाता. बायका नेमकं उत्तर देत आणि गप्प. तुम्ही खुर्ची टाकून राखणीला, गावचीच शहाळी पीत.

आणि दाभोळची रीत काय? पाहुणा टेकला की गूळ-पाणी, अन् पाण्यामागोमाग चौकशी. कुठली तू, भावंडं किती, जेवलीस काय. न विचारणं म्हणजे 'ऊठ आणि चालू लाग' म्हणणंच.

तिसऱ्या दिवशी बाईने टेप बंद केला. डोळे भरले होते. "मी इथे कुणाला आवडत नाही का? पुण्यात मला दूधवालासुद्धा प्रश्न विचारायचा. इथे कुणी काहीच विचारत नाही."

येसूबाईच्या अंगाची आग झाली. इतक्या लांबून आलेली पोर तिच्या ओटीवर रडते, आणि बोल तिच्या घराला!

तुम्ही डोळे वटारलेत. "येसूबाई, आधीच सांगितलंय..."

"तुमी शाळं प्या वो," ती म्हणाली आणि बाईसमोर फतकल मारून बसली. "आता आयक गो बाय. एक तू विचार, एक मी. तुमच्याकडं ऊन नाय, मग म्हावरं सुकवता कसं?"

"लाकडाच्या मांडवावर टांगतो. थंड वाऱ्यात. मीठ लावत नाही."

"मीठ नाय? आनि किडं?"

"एवढ्या थंडीत किडे कुठून येणार?"

"म्हंजे थंडीच त्यांचं मीठ गो!" शेजारची मालन ओरडली.

मग काय, सगळा वाडा तुटून पडला. सासू वेगळी ऱ्हाते काय? न्हाणी घरात की भायेर? नवऱ्याला नावानं हाक मारतेस?

"मारते."

"आनि तो ओ देतो?"

बाई हसता हसता बाहीने डोळे पुसायला लागली. हसू ओसरल्यावर येसूबाईने आपलं खरं विचारणं काढलं.

"माजा पोर तुमच्या बंदरात आसतो. वाट चुकला, भिजला, कुनाच्या दाराशी गेला, तर पानी देतील काय?"

"पाणी नाही," बाई म्हणाली. येसूबाईचा हात गुळाच्या वाटीवरच थांबला. "कॉफी देतील. कप रिकामा झाला की परत भरतील. आमच्याकडे माणसं कमी बोलतात. पण माझी आई त्याला लोकरीचे मोजे देईल, आणि विचारेल, कुठला तू?"

"विचारील ना?"

"नक्की विचारेल."

येसूबाईने गुळाचा मोठा खडा बाईच्या तळहातावर ठेवला. सदू एकटा नव्हता. मग ती ताठ उठली आणि सगळ्या वाड्यादेखत तुमच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"सायेब, पाव्हनीला रडवलात, गावाला मुकं ठेवलात. आबरू कुनाची गेली? शाळं खाली ठेवा, आनि सांगा!"