सोसणारीचं कौतुक

रविवारी सकाळी त्या घरात पहिला चहा पुरवणीसोबत होई. पुरवणीच्या शेवटच्या पानावर घरधन्याचं सदर असे: नुकत्याच वारलेल्या एखाद्या साध्यासुध्या बाईवर चार परिच्छेद. आठवडाभर तो पाणीपुरवठा खात्यात कारकुनी करी. ओळखीपाळखीत मात्र तो लेखक होता.

वाचणाऱ्याला रडवायचं कसं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. वाक्यं आखूड ठेवायची. विशेषण एकच, पण निवडून. आपण रडायचं नाही, ते वाचणाऱ्यावर सोडायचं. आणि शेवट घरातल्या एखाद्या वस्तूवर करायचा. या वेळचा लेख शिवणकाम करत वीस वर्षं संसार सोसलेल्या एका बाईवर होता आणि तो असा संपत होता: 'यंत्राच्या सुईत ओवलेला दोरा अजून तसाच आहे. तिने कधी तक्रार केली नाही. दोराही करत नाही.'

"दोऱ्याचीसुद्धा बाजू मांडलीत," बायको कप उचलताना म्हणाली. "माझी कधी मांडणार?"

लेक समोर बसली होती. डावा हात प्लास्टरमध्ये. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासणारी ही मुलगी गेल्या महिन्यात सासरहून आली होती, आणि हात जिन्यावरून पडून मोडलेला नाही, एवढंच तिने सांगितलं होतं. आईबापांना तेवढं पुरलं. तिला परत पाठवायचं नाही, असं ठरलं होतं. तिने लेख वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि आत गेली.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीची सासू होती.

"काय लिहिलंय हो व्याही तुम्ही. मला तर रडूच आवरेना. अशा बायका आता कुठे राहिल्या? सूनबाईला वाचायला दिलंत ना? द्या बरं. बापाच्या हातचं आहे, तिला पटेल."

"धन्यवाद," तो म्हणाला. कौतुक ऐकलं की हा शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघे. ती काय म्हणाली ते फोन ठेवल्यावर त्याच्या डोक्यात शिरलं.

आतल्या खोलीत लेक एका हाताने बॅगेत कपडे कोंबत होती.

"हे काय, चिमे?"

"परत जाते."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तुमचं वाचलं आणि माझीच मला लाज वाटली, बाबा. त्या बाईने वीस वर्षं सोसलं, चकार शब्द काढला नाही. मी एका हातासाठी घर सोडून आले."

"अगं, लेखात ते तसं असतं."

"तसं म्हणजे? खोटं?"

आई दाराशी येऊन उभी होती.

"सांगा की," ती म्हणाली. "त्या बाईची बहीण आपल्याकडे बसून काय सांगून गेली ते. चहा मीच केला होता."

तो पलंगाच्या कडेवर टेकला. मग त्याने सांगितलं. त्या बाईच्या नवऱ्याने दोनदा तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. तिने तक्रारही केली होती: भावाकडे, शेजाऱ्यांकडे, पोलीस चौकीत. प्रत्येकाने समजूत घालून तिला घरी पोचवलं. शेवटच्या वेळी ती दवाखान्यातून परत आली नाही. हे सगळं छापून यावं म्हणूनच बहीण आली होती.

"मग ते गेलं कुठे?"

"आधी लिहिलं होतं मी. पण ते आलं की वाचणाऱ्याला नवराच दिसायला लागायचा." त्याचा आवाज खाली गेला. "शेवटचा दोरा बसेना."

"दोऱ्यासाठी बरगड्या काढल्यात," लेक म्हणाली. गिऱ्हाइकाला डोळ्यांचा नंबर सांगावा, तितक्याच शांतपणे.

त्याला तिच्याकडे बघवेना. शब्द तेच होते. ते वाचून एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि दुसरीच्या हातात बॅग. आजवर अशा किती जणींवर त्याने लिहिलं होतं, आणि ते वाचून किती जणींनी बॅगा भरल्या असतील, हे कळायला मार्ग नव्हता.

तो उठला आणि त्याने विहीणबाईंना फोन लावला.

"मुलीने लेख वाचला. आता मी गाळलेलं तुम्ही ऐका." तो अडखळत, एकच गोष्ट दोनदा सांगत बोलत राहिला. सदरात असं वाक्य त्याने कधी जाऊ दिलं नसतं.

"अहो, पण हे मला कशाला, रविवारी सकाळी?"

"तुमच्या मुलाने माझ्या मुलीचा हात मोडला म्हणून. ती येणार नाही."

मग तो लिहायला बसला. बायकोने मागून वाकून वाचलं: 'गेल्या रविवारी मी लिहिलं, की तिने कधी तक्रार केली नाही. तिने केली होती. मला ते माहीत होतं.'

"हे वाचून कुणी रडायचं नाही," ती म्हणाली.

"नकोच रडायला."

कागद तसाच टाकून तो बॅग रिकामी करायला गेला. लेकीने धडधाकट हात बॅगेवर ठेवला.

"भरलेलीच राहू दे, बाबा. आधी ते छापून येऊ दे."