जित्या नवऱ्याचा विलाप

बुरुलच्या अंगाचा तिळपापड झाला होता. घाटापलीकडे माहेरी तिची आई वारली होती. दुपारच्या नमाजानंतर तिचं मयत राहुटीतून बाहेर काढणार, आणि दफनभूमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही. त्याआधी पोचली तरच आईची भेट.

आणि नवरा, कुबानिच, सकाळपासून गाडीखाली! पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट नवा आणून महिना झाला, पण मेल्याला मुहूर्त आज लागला. जुना गंजून असा रुतलेला की ढिम्म हलेना. हा गडी आपला बोल्टच्या टोकावरच घण घालतोय. आटे पार चेपले.

"सगळं गाव बाजाराला गेलंय. शेजारच्या ओसमोनची गाडी तेवढी दारात आहे. मागा जाऊन."

"त्या पाणीचोराची? मेलो तरी त्याच्या दारात जाणार नाही!"

"मेलात तरी?"

"मेलो तरी!"

"मग मेलातच तुम्ही."

तिनं भिंतीकडे तोंड केलं, कमरेवर हात ठेवले आणि मयताच्या घरी काढतात तसा गळा काढला. "गेला गं माझा धनी! घण घेऊन गेला! अक्कल माझ्या उरावर ठेवून गेला!"

"अगं ए अवदसे! जित्या माणसाचा विलाप करतेस? गप!"

ती कसली गप बसतेय! विलाप कानी पडला की वैर विसरून धावायचं, तेही मोठ्यानं रडत, ही तिकडची रीत. ओसमोन अनवाणीच कुंपण ओलांडून आला. "अरे माझ्या भावा रे! पाण्यावरून तुला नको नको ते बोललो रे!"

गाडीखालचे पाय हलले. ओसमोन थिजला. मग त्याचं टाळकंच सरकलं. "मरणाची चेष्टा लावलीय? लाज वाटत नाही?"

"चेष्टा नाही, भाऊजी! माझी आई खरंच गेलीय," बुरुल कडाडली. "आणि हे शहाणे तुमच्या दारात यायला तयार नाहीत. ओरडायचं ते गाडीत ओरडा!"

ओसमोन किल्ली आणायला पळाला. कुबानिच हात पुसत निमूट मागच्या सीटवर बसला.

घाटात तो पुटपुटला, "जॉइंटला बाजूनं हाणायला हवं होतं का रे?"

"बाजूनंच. बोल्टला हात लावायचा नसतो, गाढवा."

"गप बसा दोघं!" बुरुल ओरडली.

पोचले तेव्हा आई अजून आतच होती. बुरुल तिच्यापाशी बसली, कमरेवर हात ठेवले, तोंड उघडलं. आवाजच फुटेना. आईसाठीचा विलाप सगळा घरच्या अंगणात सांडला होता. तिला स्वतःचाच संताप आला.

तेवढ्यात राहुटीबाहेर ते दोघं एकाच सुरात रडू लागले, "आई गं, आमच्या आई!"