दासोमचं बारावं पत्र

कालवं फोडायला बसलं की आमच्या शेडमध्ये बाईला चेहरा उरत नाही. रबरी एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडावर मास्क आणि डोक्यावर नंबरची टोपी. माझा नंबर एकोणीस. माझ्या डाव्या हाताला दासोमच्या आईचा सत्तावीस.

त्या आठवड्यात दासोमच्या आईचं मनगट सुजून भाकरीएवढं झालं होतं. हंगाम ऐन भरात होता. जागा दोन दिवस रिकामी दिसली की तिथे दुसरी बाई बसते आणि मग ती उठत नाही. म्हणून सत्तावीस नंबरच्या टोपीखाली तिची पंधरा वर्षांची पोर येऊन बसू लागली. परीक्षा संपल्या होत्या, शाळा दुपारीच सुटायची. आम्हा बत्तीसजणींना ते ठाऊक होतं. मालकालाही ठाऊक होतं. तो फक्त तिच्याकडे बघायचा नाही.

गुरुवारी मी आमचं नेहमीचं गाणं धरलं होतं:

शिंपले ग बाई
दार किती घट्ट
सुरीचा ग हट्ट
पुरवावा

आणि पोरीने हातातली सुरी न थांबवता पुढचं जोडलं:

सुरी झाली बोथट
मावशी ग म्हातारी
शिंपलीच बिचारी
दार उघडी

सगळी रांग हसली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याच वेळी, बंदरावरच्या जाळ्यांच्या गोदामामागे, चार मुलींनी दासोमच्या वर्गातल्या यू-रिम नावाच्या मुलीला तिच्याच जाकिटाने डोकं झाकून मारलं. तिचा एक डोळा गेला. तिघी सापडल्या. चौथी कोण, असं पोलिसांनी विचारलं, तर तिघींनी दासोमचं नाव सांगितलं. महिन्याभरापूर्वी दासोमने त्यांच्यातून अंग काढून घेतलं होतं, आणि तिच्या बाजूने भांडायला घरात बाप नव्हता. एवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी मालक रांगांमधून फिरला. "इथे कुठलंही पोर कधी बसलं नव्हतं," तो म्हणाला. "कायद्याने पोर बसवता येत नाही. तपासणी आली तर शेडला कुलूप. मग बसा आपापल्या घरी, स्वतःची बोटं फोडत."

आम्ही बत्तीसही मुंड्या खाली घालून कालवं फोडत राहिलो.

त्या संध्याकाळी मायलेकी माझ्याकडे आल्या. मी शेडमधली सगळ्यात जुनी, शिवाय दासोमचं प्रकरण जिथे जाणार होतं त्याच कौटुंबिक न्यायालयाने माझ्या बहिणीच्या मुलाला घरी सोडलं होतं. सतरा पश्चात्तापपत्रं लिहिली होती त्याने न्यायाधीशांना, सगळी हाताने. आमच्याकडे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं: लहान मुलांच्या खटल्यात वकील बोलतो थोडं, पत्रं बोलतात जास्त.

"पण मी नव्हतेच तिथे, मावशी," दासोम म्हणाली.

"मला सांगतेस? मी काय आंधळी आहे? पण नव्हते म्हणालीस की विचारतील, मग कुठे होतीस. मग शेडला कुलूप. मग आई तुझी कुठे बसेल?"

तिने आईकडे पाहिलं. आई सुजलं मनगट दुसऱ्या हातात धरून बसली होती.

"पहिलाच गुन्हा तर आहे," मी म्हणाले. "पत्रं मनापासून उतरली तर एक नंबरचा आदेश देतील. म्हणजे काय, आईच्या ताब्यात परत. झालं, संपलं."

"मग काय लिहू?"

"लिही, चुकलं."

"काय चुकलं?"

"ते मी सांगते."

माझ्या जेवणाच्या चौरंगावर बसून तिने अकरा पत्रं लिहिली. अक्षर सुरेख तिचं, भाताच्या शितासारखं. त्याआधीची दोन मी फाडली, ती वेगळी. "हे कोणीही लिहील," मी म्हटलं. "बारीकसारीक लिहायचं असतं. त्याशिवाय डोळ्यात पाणी येत नाही." यू-रिमच्या शेजारणीने मला मासळी बाजारात सांगितलं होतं, की पोरगी घरी आली तेव्हा तिच्या एकाच पायात बूट होता, दुसऱ्या पायातला पांढरा मोजा चिखलाने भिजला होता. मी दासोमला म्हटलं, मोजा लिही. तिने लिहिलं, 'तो ओला पांढरा मोजा मला झोपेत दिसतो.' वाचून तिची आई खरोखरच रडली. मला वाटलं, जमलं.

सुनावणीच्या दिवशी आईने टोफूची मोठी वडी डब्यात घेतली होती. सुटून येणाऱ्याला दारातच पांढरा टोफू खाऊ घालायचा असतो, म्हणजे पुन्हा आत जावं लागत नाही. दासोम तर आत गेलीच नव्हती. तरी आईने आणला.

सुनावणी बंद दाराआड झाली. वीस मिनिटांनी आई एकटीच बाहेर आली.

"दहा नंबर," ती म्हणाली.

दहा नंबर म्हणजे सुधारगृह, दोन वर्षं. त्याच्यावर नंबरच नाही. न्यायाधीशबाई म्हणाल्या होत्या, पत्रं अतिशय प्रामाणिक आहेत; जिला इतकं स्पष्ट आठवतं, तिने ते डोळे उघडे ठेवून केलेलं आहे; एका मुलीचा डोळा गेला आहे. पोरीला बाजूच्या दाराने तिथूनच नेलं. परतीच्या बसमध्ये डबा आईच्या मांडीवर होता. दोन तासांत टोफूला पाणी सुटलं, ते तिच्या स्कर्टवर झिरपत राहिलं, तिने पुसलं नाही.

अपिलाला सात दिवस. सरकारने दिलेला वकील फोनवर म्हणाला, "आता काय म्हणायचं, आजी? कबूल तर तिनेच केलंय, तेही अकरा वेळा."

"ती शेडमध्ये होती," मी म्हणाले.

त्याने विचारलं, "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

दासोमची आई शेडमध्ये आली आणि ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. "तायांनो," म्हणाली, "फक्त एवढं लिहून द्या, की माझी पोर इथे होती." सुऱ्या थांबल्या. मग एकेक करून चालू झाल्या. बत्तीसमधल्या पाचजणींनी लिहून दिलं. पहिली सही माझी. सातव्या दिवशी, कचेरी बंद व्हायला अर्धा तास असताना, आम्ही अपील दिलं.

तपासणी आली. दोघेजण आले, कॉफी प्यायले, मालकाला एक लेखी समज दिली. मालकाने दारावर पाटी लावली: अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. कुलूप वगैरे काही लागलं नाही. सत्तावीस नंबरची टोपी मात्र दुसऱ्या बाईच्या डोक्यावर गेली.

वरच्या कोर्टाचं उत्तर यायला दोन महिने लागले. दोन पानं. अपील फेटाळलं.

कोर्टाबाहेरच्या बसथांब्यावर वकिलाने वाचून दाखवलं. शेडच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात त्या दुपारी सत्तावीस नंबरच्या टोपीची, मास्क लावलेली बाई दिसते. तो नंबर मुलीच्या आईचा आहे. लिहून देणाऱ्या पाचही बाया आईसोबत काम करणाऱ्या. आणि चौथ्या पत्रात मुलीने पांढऱ्या मोज्याचा उल्लेख केला आहे. तो तपशील तिला दाखवलेल्या कुठल्याही कागदात नव्हता, तेव्हा हजर असल्याशिवाय तो कळणं शक्य नाही. शेवटी लिहिलं होतं: आधी कबूल करून आता नाकारणं यावरून दिसतं, की मुलीत अद्याप सुधारणा झालेली नाही.

"मोजा कोणी सांगितला तिला?" वकिलाने विचारलं.

दासोमची आई माझ्याकडे बघत नव्हती. ती बसच्या वेळापत्रकाकडे बघत होती.

एप्रिलमध्ये सुधारगृहात भेटीला गेलो. दासोमचे केस कानापर्यंत कापले होते, गाल भरले होते. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, वागणूक चांगली दिसली तर दोन वर्षांच्या आत सोडतात. मात्र अपिलात खोटं बोलल्याबद्दल आधी पश्चात्ताप दिसायला हवा. पोरीच्या हातात रेघांचा कागद होता.

"ताई, तुम्हीच सांगा तिला," आई म्हणाली. "तुमचं सांगितलेलं ते लोक खरं मानतात."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी सांगायला लागले. दासोम लिहायला लागली.

"त्या गुरुवारी मी शेडमध्ये नव्हते."

लिहिलं.

"मावशींच्या शेजारी बसले नव्हते. आईने सांगितलं म्हणून मावशींनी माझ्यासाठी खोटं लिहिलं, त्याला मी जबाबदार आहे."

लिहिलं. मग पेन्सिल थांबली.

"गाणं म्हटलं होतं ते?"

"ते राहू दे, पोरी."

"राहू दे कसं? बारीकसारीक लिहायचं असतं, मावशी," ती म्हणाली, आणि त्याच सुरेख अक्षरात तिने लिहिलं: 'मी कुठलंही गाणं म्हटलं नाही. कोणीही हसलं नाही.'