इथे सेकंद हवेत

चूक सापडली ती जागा : भडगाव. वैशाखाचं ऊन. लोटननानांच्या निसवलेल्या, घड लागलेल्या केळी माना टाकून उभ्या. नाना लेकीकडे सुरतेला गेले होते, आणि ठिबकचं पाणी सोडायचं काम धुळ्याच्या नईमने लिहिलेल्या प्रोग्रामवर टाकून गेले होते.

"तुना मोबाईलमा बठ्ठं पानी दिधेल शे," परतलेले नाना म्हणाले. "मंग मनी बाग कशी जयी गयी रे?"

नईमने नोंद उघडली. सगळं पाणी दिलेलं दिसत होतं, पण रोज वीस मिनिटं सुटायचं पाणी रोज वीस सेकंद सुटलं होतं.

चूक सुरू झाली ती जागा : पिंप्राळा. विधीच्या घराची वरची खोली. धुळ्याच्या कॉलेजात नईमच्या शेजारी बसणारी विधी आता घरूनच एका कंपनीचा कंपायलर सुधारते. दुसऱ्यांचे प्रोग्राम चालण्याआधी तपासून चुका सांगणारं ते सॉफ्टवेअर. सेकंदांच्या जागी मिनिटं आली की ते अडवतं. पण अडवताना जे लिहून दाखवी, ते वाचून शिकलेल्यालाही घाम फुटे. विधीने ते खरवडून दोन ओळींवर आणलं :

ओळ ४१. इथे सेकंद हवेत.
'मिनिटं' खोडा, 'सेकंद' लिहा.

कंपनीत वाहवा झाली. नईमचा प्रोग्रामही याच कंपायलरने अडवला, आणि त्या दोन ओळींनी सांगितलं तसं नईमने केलं. मिनिटं खोडली, सेकंद लिहिले. वीसचे वीसच राहिले, बाराशे झाले नाहीत.

मधली जागा : फोन.

"शेठाणी, बाग मारली मी," नईम विधीला म्हणाला. "अब्बांच्या गॅरेजला बसतो आता. पाने फिरवायला अक्कल लागत नाही."

"मला का नाही विचारलंस?"

"दर वेळी विचारायचो ना? या वेळी इतकं स्वच्छ लिहिलं होतं, की वाटलं, चला, आपल्यालाही कळायला लागलं."

ते कुणी लिहिलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. फोन ठेवल्यावर विधीने आपल्याच त्या दोन ओळी पुन्हा उघडल्या.

कंपायलरला कळलं होतं ते एवढंच, की ओळ सात आणि ओळ एक्केचाळीस यांचं जुळत नाही. एक्केचाळीसच चुकली, हे विधीने ठरवलं होतं.

"त्याने डोळे उघडे ठेवायला नकोत?" तिने सगळं सांगितल्यावर तिचा वरिष्ठ अखिल म्हणाला. "लोकांना आवडलेलं बदलू नकोस."

तिने बदललं. खोडलं. पुन्हा लिहिलं. लांबलं. पुन्हा खोडलं. मग लॅपटॉप घेऊन धुळ्याची बस धरली.

बसस्टँडवरच्या बाकावर नईमने वाचलं :

ओळ ७ म्हणते, व्हॉल्व्हला सेकंद द्या.
ओळ ४१ मिनिटं देते.
दोन्हींचं जुळत नाही. चूक कुठे आहे, मला ठाऊक नाही.
नुसतं नाव बदललं, तर आकडा बदलणार नाही.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. आधीचंही मीच."

नईमने चारही ओळी पुन्हा वाचायला घेतल्या. कंडक्टर ओरडत होता, कुणाची तरी पिशवी बाकावरून घसरली, तरी तो वाचत होता.

"हे वाचून मी तुला फोन केला असता," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मग चल. बाग कशी जळाली, नाना रोज विचारतात. मला सांगता येत नाही. तू सांग."

विधीने लॅपटॉप मिटला. भडगावची गाडी लागलेलीच होती.