सज्जनची मुलाखत कुणी घेतली

आमचा धंदा आठवला की सासूबाईंना अजून हसू येतं. सॉफ्टवेअर फुकट, कुणीही घ्यावं, उघडून बघावं. पण ते अडलं की निस्तरायला माणूस लागतो, आणि तो माणूस आम्ही पैसे घेऊन पुरवतो. "म्हणजे गाय फुकट आणि गुराखी पगारी," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. आम्हाला ऑफिस नाही. सगळे आपापल्या घरून काम करतात, मी जेवणाच्या टेबलावरून.

आमच्या गावाला पाणी पुरवणारं शुद्धीकरण केंद्रही आमचंच गिऱ्हाईक. पाण्यात औषध किती सोडायचं, हे तिथे असंच एक फुकटचं सॉफ्टवेअर ठरवतं. ते काम सज्जनकडे होतं. हे नाव आम्हीच ठेवलेलं. तो कधी चिडत नसे, कुणाचंही काम अंगावर घेई. फक्त त्याचा कॅमेरा कायम बंद. "लाजतो बिचारा," असं साहेब म्हणायचे. मला असल्या गोडबोल्यांचा पहिल्यापासून वैताग.

म्हणूनच त्या सकाळी त्याने केंद्राच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल मी उघडून वाचला. एरवी एकाचा बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही, पण सज्जनला साहेबांनी ती अट माफ केली होती. त्याने एकच ओळ काढून टाकली होती: औषध ठरावीक प्रमाणाच्या वर जाऊ द्यायचं नाही, ही. बदल पहाटेच केंद्रात लागू झाला होता.

मी साहेबांना फोन लावला.

"चुकून उडाली असेल," ते म्हणाले. "त्यालाच विचारा ना."

"तो आहे कोण, साहेब? त्याला कुणी पाहिलंय का?"

"म्हणजे काय? त्याची मुलाखत तुम्हीच घेतली होती ना?"

"मी? मला वाटलं तुम्ही घेतलीत."

आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. सगळ्या गिऱ्हाइकांच्या किल्ल्या आम्ही त्याच्या हातात आपणहून ठेवल्या होत्या.

केंद्रावरच्या ऑपरेटरने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"काका, औषधाचा पंप हाताने बंद करा. आणि गावाला पाणी सोडू नका."

"ताई, तुमचाच माणूस आहे की माझ्या स्क्रीनवर. सगळं तेच चालवतायत."

"कोण?"

"ते हो, गोड बोलतात ते. ते म्हणालेच होते, एका बाईंचा फोन येईल. त्यांना कामावरून काढलंय, त्यांचं काही ऐकू नका."

"काका, तो आमचा माणूस नाही."

"असंही म्हणतील, म्हणाले होते," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला.

"आज पाणी लवकर सोडलं गं," सासूबाई आतून म्हणाल्या.

"पिऊ नका" म्हणत मी उठले, खुर्ची आडवी झाली. दारात पोचले तेव्हा त्या रिकामा पेला ओट्यावर ठेवत होत्या.

"कसलीशीच चव आहे आज पाण्याला," त्या म्हणाल्या.